घर में हैंग्री बैठे हैं

"थोडे तरी भांड्यात पडू द्या," ही म्हणाली आणि माझ्या हातावर चापट मारली. आम्ही दोघं मटार सोलत बसलो होतो. मी दोन दाणे भांड्यात टाकायचो, चार तोंडात. आमचं शेवटचं एकत्र काम ते. दुपारी जेवून बायको आडवी झाली ती उठलीच नाही.

तिला एक शब्द फार आवडायचा. ग्वाल्हेरची नात सुट्टीत आली होती. जेवायला उशीर झाला म्हणून मी आदळआपट केली, तर पोरगी म्हणाली, "आजोबा हैंग्री हो गए।" मी म्हटलं, हे काय आणखी? तिनं समजावलं, हंग्री म्हणजे भुकेला, अँग्री म्हणजे रागावलेला, दोन्ही जोडून हँग्री. इंग्रजीत आता असे शब्द बनवतात म्हणे.

"बरं करतात," ही म्हणाली. "यांच्याकडे दोन्ही बरोबरच येतात. दोन शब्द हवेत कशाला?"

मला इंग्रजी सहीपुरतं. पण हिनं तो शब्द असा वापरला की विचारू नका. तुम्हीही अशा बायका पाहिल्या असतील, हाताला लागलेलं काही फुकट जाऊ देत नाहीत. आमच्या या हिंदी मुलखातल्या गावी, बडा बाजारात भाजीवाल्याला म्हणायची, "जल्दी तौलो भैया, घर में हैंग्री बैठे हैं।"

त्याला वाटलं, हे आमचं आडनाव. मराठी आडनावं त्याच्या जिभेला जड, त्यात हे एक सोपं मिळालं. मी दिसलो की भर बाजारात ओरडायचा, "काए हैंग्री जी!"

"मेरा नाम ये नहीं है!" मी भडकायचो.

ही हसून म्हणायची, "बघा, नाव शोभतंय."

ती गेल्याचं कळताच मुलगा नातीला घेऊन ग्वाल्हेरहून धावत आला. दिवस मावळायच्या आत तिला पोचवून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूल बंद. शेजारणीनं खिचडी आणली. नातीनं ताट पुढे केलं.

"भूक नाही!" मी खेकसलो. पोरगी रडायला लागली. खरंच भूक नव्हती, नुसता राग होता. कोणावर, ते कळेना. खुंटीवरची पिशवी घेतली आणि निघालो.

"काए हैंग्री जी, आज अम्मा नईं आईं?"

सांगितलं. तराजू त्याच्या हातात तसाच राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "का दे दें, हैंग्री जी?"

या नावानं हाक मारणारा आता हा एकटाच. मी पिशवी उघडी धरली.

"मटर," म्हटलं.