पुसलेलं इंजिन

माझ्या सासऱ्यांइतका नीटनेटका माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याच्या जावयाला माझा साष्टांग नमस्कार. केडगावात, पुणे रस्त्यापासून जरा आत, त्यांचं चार खोल्यांचं घर आहे. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, रोज प्रार्थनेनंतर पोरांची नखं तपासली, आणि निवृत्तीनंतर तपासायला पोरं उरली नाहीत म्हणून घर तपासायला घेतलं. भांडी घासायला मावशी येतात, तर त्या यायच्या आत हे स्वतः सगळी भांडी विसळून ओळीने मांडून ठेवतात. "खरकटं परक्या बाईच्या पुढ्यात टाकणं बरं दिसत नाही," म्हणतात. न्हाव्याकडे जाताना तेल लावून, भांग पाडून जातात. एकदा सणकून ताप आला होता. सासूबाई रिक्षा बघायला बाहेर पडल्या तेवढ्यात यांनी गार पाण्याने आंघोळ उरकली, इस्त्रीचा सदरा चढवला आणि डॉक्टरांसमोर जाऊन ताठ बसले. डॉक्टरांनी थर्मामीटर लावला, तर ताप जवळजवळ नाहीच! ताकदीच्या गोळ्या देऊन त्यांनी परत पाठवलं आणि संध्याकाळी हे पुन्हा गोधडीत कुडकुडत पडले. "पण घामट अंगाने डॉक्टरांकडे जायचं तरी कसं?" हा सवाल त्यांना आजही बिनतोड वाटतो.

अशा माणसाच्या गाडीला ऑइलची गळती लागावी, हा दैवाचा निव्वळ चावटपणा. गाडी जुनी, पांढरी. माझ्या बायकोची पाठवणी तिच्यातूनच झाली, त्यामुळे घरात तिला थोरल्या लेकीचा मान आहे. एका सकाळी अंगणातल्या फरशीवर रुपयाएवढा काळा डाग दिसला. सासऱ्यांनी तो साबणाने घासून काढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा डाग. मग त्यांनी फ्रिजच्या खोक्याचे पुठ्ठे कापून गाडीखाली अंथरायला सुरुवात केली, आणि लोक कुठे जाताना पाण्याची बाटली घेतात तसे हे डिकीत पुठ्ठा घेऊन निघू लागले. कुणाकडे गेले की आधी यजमानांच्या दारात पुठ्ठा अंथरायचा, त्यावर गाडी बेताने आणून उभी करायची, मग बेल वाजवायची. आम्ही सगळे भंडारदऱ्याला गेलो होतो, तेव्हा हॉटेलच्या रखवालदाराला वाटलं की हे गृहस्थ बाहेरच जेवायला बसणार. "साहेब, आत टेबल हायेत की," असं तो बिचारा दोनदा सांगून गेला. आम्ही धरणाचं पाणी बघत होतो आणि सासरे गाडीखाली डोकावून थेंब कुठे पडतोय ते बघत होते. परतताना त्यांनी जागा पुन्हा एकदा तपासली आणि एकही डाग मागे राहिला नाही, या समाधानात घरापर्यंत शीळ घालत आले.

गॅरेज केडगावातच. मिस्तरी त्यांचाच विद्यार्थी, आता चाळिशीचा, पोट सुटलेला आणि बोलायला तिखट. गाऱ्हाणं हे की बिल दर वेळी व्हायचं आणि गळती तशीच राहायची. आधी खालच्या बोल्टचा वायसर बदलला, मग फिल्टर, मग चेंबरचं पॅकिंग. चार दिवस पुठ्ठा कोरडा, की पाचव्या दिवशी पुन्हा थेंब हजर. मिस्तरी बॉनेट उघडून डोकं खाजवायचा. "सर, इंजिन तर आरशावानी लखलखतंय. गळतंय कुटनं, काय उमगंना." इंजिन आरशासारखं लखलखणारच, कारण गॅरेजला जायच्या आदल्या दिवशी सासरे जुना बनियन रॉकेलमध्ये भिजवून, ब्रश घेऊन, दोन तास ते पुसत बसत. मळकी गाडी मिस्तरीसमोर उभी करायची त्यांना लाज वाटायची. मी हे सगळं डोळ्यांनी बघत होतो, आणि त्या तापाच्या आंघोळीचा किस्सा चारचौघांत रंगवून सांगतही होतो, पण दोन गोष्टींचा संबंध माझ्याही डोक्यात आला नाही.

शेवटी मिस्तरीने निकाल दिला. "सर, आता येकच राह्यलं. मागचं सील. त्याला गिअरबॉक्स उतरावा लागंल, कदाचित इंजिन बी खोलावं लागंल. खर्च लई हाय. खरं सांगू का, गाडीची तेवडी किंमत न्हाई राह्यली." मेहुण्याने पुण्याहून फोनवरच सांगून टाकलं की भंगारात द्या आणि मोकळे व्हा. सासूबाईंनाही ते पटलं. सासरे फक्त "बरं" म्हणाले आणि अंगणात जाऊन उगाच पुठ्ठा सरळ करत बसले. त्यांच्या त्या "बरं"चा अर्थ घरात सगळ्यांना कळत होता.

अर्थ असा, की गाडी गेली तर आक्कांचं येणं गेलं. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, मिरजगावला मुलाकडे असतात. सासऱ्यांची आई ते रांगत असताना गेली. आक्कांनीच त्यांना वाढवलं, कडेवर घेऊन शाळेत पोचवलं. आता आक्कांचे गुडघे गेलेत, एसटीची पायरी चढवत नाही. महिन्यातून एकदा सासरे गाडी घेऊन जायचे आणि त्यांना चार दिवस माहेरपणाला आणायचे. भाड्याची गाडी करून आणू, असं मी एकदा सुचवलं होतं. आक्का फोनवरच कडाडल्या, "जावईबापू, माहेरी जायचं तर भाऊ त्याच्या गाडीतून न्यायला यायला हवा. भाड्याने यायला मी काय पार्सल आहे?" माझ्याकडे स्कूटर आहे, तिचा काही उपयोग नव्हता. त्यामुळे सगळं त्या गळक्या पांढऱ्या गाडीवर येऊन ठेपलं होतं.

त्यातच सासऱ्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा आला आणि डॉक्टरांनी बजावलं की वाकायचं नाही, काही दिवस गाडीही चालवायची नाही. दवाखान्याच्या खेपांना गाडी मीच चालवत होतो, आणि माझ्या हातून गाडी पुसली जाणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. दरम्यान भंगारवाला म्हणाला, मिस्तरीला दाखवून किंमत ठरवू. मी गाडी न्यायला निघालो तेव्हा सासरे पलंगावरून ओरडले, "इंजिन पुसून न्या हं! बनियन बादलीत आहे." बायको दारातच होती. हळूच म्हणाली, "विकायचीच आहे ना? मग पुसायची कशाला? जा तुम्ही." बायकोचा शब्द मी सहसा मोडत नाही, आणि काम टाळता येत असेल तर मुळीच मोडत नाही.

मिस्तरीने बॉनेट उघडलं आणि बघतच राहिला. इंजिनावर धुळीचा थर चढला होता, आणि त्या धुळीतून वरच्या झाकणापासून थेट खालपर्यंत तेलाचा काळा ओघळ उतरला होता.

"आयला! हे तर टॅपेट कव्हर हाय!" तो ओरडला. "झाकनाचं रबर कडक झालंय. तेल वरनं वघळतंय आन् आमी खालनं शोधतुय! गाडी न पुसता आनली व्हय?"

"हो. वेळ झाला नाही."

"लई बरं झालं. येवड्या खेपंत येकदा तरी सरांनी मळकी गाडी आनली असती तर!"

"मग तू सांगायचंस ना त्यांना, पुसून आणू नका म्हणून."

मिस्तरी एकदम शाळेतल्या पोरासारखा ओशाळला. "मी? सरांना? घान गाडी आना म्हनून?" त्याने स्वतःची काळी नखं नकळत मुठीत लपवली. "न्हाई ओ. सरांना कसं म्हननार?"

तर एकाला मळकी गाडी आणायची लाज, दुसऱ्याला ती मागायची भीती, आणि त्या दोघांच्या सभ्यतेपायी एक धडधाकट इंजिन भंगारात निघालं होतं. मला तिथेच हसू फुटलं, आणि हसता हसता छातीवरचं मोठं ओझं उतरल्यासारखं वाटलं. रबर तासाभरात बदललं. रबराला जेवढे पैसे पडले, त्याहून आम्हा दोघांच्या मिसळीला फार कमी लागले नसतील. आधीच्या चुकांची भरपाई म्हणून मजुरी घ्यायला मिस्तरी तयार होईना, तेव्हा निदान मिसळ तरी माझ्याकडून खा म्हटलं.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. सासऱ्यांनी काळ्या चष्म्यातून माझ्याकडे रोखून बघितलं. "तशीच नेलीत? न पुसता? काय म्हणाला असेल तो!" दोन मिनिटं त्यांना गाडी वाचल्याचा आनंद व्हायचा राहूनच गेला. मग ते हळूहळू खाली बसले. "म्हणजे इंजिन खोलायचं नाही?" "नाही." "विकायचीही नाही?" "नाही, बाबा." त्यांनी चष्मा काढला, डोळ्याला हात लावायचा नाही हे आठवून तसाच पुन्हा घातला, आणि म्हणाले, "आक्काला फोन लावा."

त्यांना चालवायला मनाई होती, म्हणून आक्कांना आणायला गाडी मी चालवली. आता गाडी भावाची आणि भाऊ गाडीत, त्यामुळे आक्कांनी चालक जावई असण्याला हरकत घेतली नाही. त्या मिरजगावच्या ओट्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्याच होत्या. सासऱ्यांनी त्यांना धरून मागच्या सीटवर बसवलं आणि पुढे यायला निघाले, तेव्हा आक्कांनी सदऱ्याचं टोक धरलं. "इथेच बस ना रे. इतकी वर्षं न्यायला येतोस, पण मला तुझी पाठच दिसते." खरंच होतं ते. गाडी चालवताना सासऱ्यांचं सगळं ध्यान मीटरच्या काट्यांकडे आणि इंजिनाच्या आवाजाकडे असायचं, मागे कुणी बोललं तर ते हात वर करून गप्प करायचे. ते मुकाट्याने आक्कांच्या शेजारी बसले.

सोलापूर रस्त्याने नगरकडे येईपर्यंत दोघं बोलत होते. फार काही नाही, कुणाच्या म्हशी, कुणाची लग्नं, आईच्या हातच्या कशाची तरी चव, जी भावाला आठवत नव्हती आणि बहीण समजावून सांगत होती. मी आरशातून बघितलं तर आक्का त्यांच्या सदऱ्यावरची घडी हाताने सारखी करत होत्या आणि सासरे लहान मुलासारखे ती करून घेत होते. मला फार बरं वाटलं. पण दोघांची वयं बघता अशा खेपा किती राहिल्या असतील, कोण जाणे. नगर जवळ येत होतं. मागून एक ट्रक वैतागून हॉर्न देत होता. एरवी सासऱ्यांनी मला लगेच बाजूला व्हायला सांगितलं असतं, पण त्यांना तो ऐकूच आला नाही. मी ट्रकला हाताने पुढे जायची खूण केली आणि गाडी आणखी हळू केली.