सैल धरलेला पटका

माझा देवावरचा विश्वास एका दुष्काळात, अंबाजोगाईहून येणाऱ्या एस.टी.त, मांजरसुंब्याच्या थोडं अलीकडे संपत आला होता. बाळांनो, तुमची आई तेव्हा सहा वर्षांची होती आणि माझ्या मांडीवर झोपली होती. पोलिओने गेलेल्या तिच्या उजव्या पायात लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर होता. शेजारी माझ्या सासूबाई नवसाचा नारळ घेऊन बसल्या होत्या; त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. बाहेर मैलोन्मैल काळं, भेगाळलेलं रान. मी हिशेबी बाई. तिचा गुडघा रोज किती वाकला ते वहीत लिहीत असे, आणि गेल्या चार महिन्यांत त्या वहीत काहीच बदललं नव्हतं. मी धरल्याशिवाय ती एक पाऊल टाकत नव्हती.

तिच्यासाठीच मी फिजिओथेरपी सहायिकेचं शिक्षण घेत होते. तुमचे आजोबा सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते, आणि कारखान्याच्या दवाखान्याला व्यायाम करून घेणारी बाई हवी होती. इंग्रजीत बी.ए. झालेली सून रुग्णांचे पाय दाबणार, म्हणून घरात पुष्कळ बोलणं झालं, तरी मी अंबाजोगाईला खोली घेऊन लेकीसह राहिले. तिथल्या रुग्णालयाच्या वॉर्डात गरम पाण्याच्या पिशव्यांना पाणी नसे. आम्ही तव्यावर वाळू तापवून पुरचुंडीने शेक देत असू. ते सगळं मला जमलं. एकच गोष्ट जमेना. रुग्ण जरा डुलला की मी त्याला दोन्ही हातांनी कवटाळत असे. शिकवणाऱ्या मॅडमनी त्या प्रवासाच्याच आठवड्यात मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "तुम्ही त्यांना चालवत नाही, वाहून नेता. असंच राहिलं तर मी तुम्हाला परीक्षेला बसवणार नाही." मी रडले नाही, पण त्या रात्री वही उघडली नाही.

आत्याबाई त्या सुमारास भेटायला आल्या होत्या. माझा चेहरा पाहून म्हणाल्या, "इंग्रजी शिकून पाय हलतेत व्हय गं? चल कपिलधारला. लई दिवसांचा नवस हाय." मी त्यांच्या समाधानासाठी निघाले, एवढंच. मांजरसुंब्याला उतरून एका टेम्पोने कपिलधारच्या देवस्थानाला पोचलो. लेकीला कडेवर घेऊन पायऱ्या उतरले. खाली पाहिलं तर देवळाशेजारच्या धबधब्याच्या जागी खडकावर एक ओली रेघ. देवाकडेही यंदा पाणी नाही, असं मनात आलं, आणि ते मनात आल्याचं मला वाईटही वाटलं नाही.

आत्याबाई दम खायला बसल्या. मी लेकीला पुन्हा उचलणार, तोच बाजूच्या झाडाखालून कोणीतरी म्हणालं, "कावून उचलता, बाई? पाय हायेत की तिला." एक म्हातारा धनगर होता. खांद्यावर घोंगडी, डोक्याला विटका तांबडा पटका, आणि समोर पाच-सहा मेंढ्या. मी जरा तोऱ्यातच सांगितलं की तिचा पाय अधू आहे आणि मी त्याचंच शिक्षण घेते आहे.

"मंग तुमाला ठावं आसंल," तो म्हणाला. "कोकरू उभं ऱ्हाताना आमी हात लावत न्हाई. उचलून नेलं की ते पाय इसरतं."

"आणि पडलं तर?"

"पडतंच की! पडल्याबिगर उठंल कसं?"

मग त्याने डोक्याचा पटका सोडला. आपल्याकडे म्हातारा माणूस परक्यासमोर डोकं उघडं करत नाही, हे तुम्हाला तिकडे परदेशात कळायचं नाही. त्याने तो पटका तिच्या कमरेला बांधला आणि टोक माझ्या हातात दिलं. "धरा. पण ओढू नका. पडाया लागली की आपसूक ताणंल."

ती निघाली. दोन पावलांवरच माझा हात आवळला. "आई, तू ओढतेस!" ती ओरडली. मी मुठीतलं कापड सैल केलं. ते सैल करताना मला जे वाटलं ते मी कुठल्याच वहीत लिहू शकले नसते. चौथ्या पावलाला ती कलंडली, पटका ताणला, ती अधांतरी लोंबली आणि चक्क हसली. मग स्वतःच सरळ झाली. देवळाच्या उंबऱ्यापर्यंत अकरा पावलं. ती मात्र मी मोजली. आत्याबाई नारळ तसाच हातात घेऊन रडत होत्या.

दर्शन घेऊन बाहेर आलो तर झाडाखाली कोणी नव्हतं. पटका द्यायचा म्हणून पुजाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "यंदा मेंढरं हितं? चारा कुठं हाय? समदे धनगर कवाच गोदाकाठी गेलेत." आत्याबाईंनी लगेच हात जोडून देवाचं नाव घेतलं. एखादा म्हातारा आजारी मेंढीपायी मागे राहिला असेल, असं मी म्हटलं. आजही तसंच म्हणते. पण त्या झाडाच्या दिशेने हात मीही जोडले होते.

सोमवारी वॉर्डात एक ऊसतोड बाई होती, गाडीवरून पडून मांडी मोडलेली. मी पटका तिच्या कमरेला बांधला, टोक सैल धरलं आणि ती डुलली तरी थांबले. मॅडम दारातून पाहत होत्या. "आता बसा परीक्षेला," एवढंच म्हणाल्या. पुढे कारखान्याच्या दवाखान्यात किती माणसं त्या पटक्यात उभी राहिली! त्याचा रंग पार गेला, वीण मात्र टिकली.

मला वाटे, देवाने धरलं असेल तर त्याचा हात सतत जाणवायला हवा. जाणवत नाही म्हणून मी रुसले होते. सैल पटका अंगाला लागत नाही, एवढं साधं मला तोवर माहीत नव्हतं.

गेल्या वर्षी माझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा तुमची आई तुम्हाला तिकडे ठेवून आली. तिसऱ्या दिवशी तिने माझ्या पेटीतून पटका काढला आणि माझ्या कमरेला बांधला. मी वॉकर घट्ट धरून उभी राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलं, पण माझं पाऊल उचलेना. मागे वळून म्हटलं, "धरलंयस ना गं?"

"धरलंय, आई," ती म्हणाली. "ओढत मात्र नाही हं."

मी पाऊल टाकलं.