लिंबाजीचा धडधाकट गुडघा

लिंबाजी मला पहिल्यांदा भेटला तो कर्नाटकातल्या कोळारच्या रस्त्यावर. मागून एक वावटळ आली, माझी टोपी उडाली, दोन कुत्री रस्ता सोडून गटारात जाऊन बसली आणि वावटळीनं मान वळवून विचारलं, "अण्णा, पंक्चर हाय का?"

पंक्चर नव्हतं. माझी स्कूटर पूर्ण वेगात होती.

गडी धनगराचा. बापाची मेंढरं कधीच विकली गेली होती. हा कोळारला गोदामात पोती उचलायचा. कंपनीची बस गावात यायची, पण बसमध्ये म्हणे पाय आखडतात. म्हणून पळत जायचा, पळत यायचा.

शेवटी गोदामाच्या साहेबांनीच त्याचं नाव लडाखच्या शर्यतीत घातलं. उंचावरचं ओसाड वाळवंट, दिवसभर पळायचं, रात्री तंबूत पडायचं, असं कित्येक दिवस. आमच्या गावाला धीर कुठला? तो जायच्या आधीच आम्ही सत्कार उरकला. शाल, नारळ, फेटा आणि माझं भाषण. लिंबाजी लाजून म्हणत होता, "आधी जाऊन तर येऊ द्या!" पण भाषणात मी तोवर त्याला हिमालय ओलांडून पलीकडे पोचवलं होतं.

गडी शर्यत संपायच्या आधीच परतला. लंगडत.

"गुडघा गेला," एवढंच बोलला.

मग गावानं गुडघा हातात घेतला. शेजारची कमलम्मा रोज करडईचं तेल गरम करून आणायची. "अय्यो, केवढा सुजलाय बघा!" म्हणत ती चोळायची आणि लिंबाजी भिंतीकडं तोंड करून बसायचा. एकदा मी समाचाराला गेलो, तर त्याच्या डोळ्यांतून पाणी गळायलं होतं.

"कामून रडायलाव ओ? लई दुखायलंय?" त्याची बायको म्हाळसा धावत आली.

"गुडघ्याला काईच झालं न्हाई."

कमलम्माचा हात थांबला.

मग सगळं बाहेर आलं. तिकडं लडाखात दिवस मावळायला आला होता. हा एकटाच पळत होता. डोंगराच्या उतारावर मेंढरं दिसली, जवळ माणूस न्हाई. आपल्याकडं अशा वेळी सुटी मेंढरं म्हणजे लांडग्याचं जेवण. लिंबाजीच्या बापजाद्यांनी त्याच्या तोंडातून हाळी घातली. शर्यतीच्या वाटेची निशाणं सोडून त्यानं कळप वळवला आणि तंबूंकडं हाकत सुटला. मागून एक म्हातारी हात हलवत, ओरडत पळत येत होती.

"मला वाटलं, शाबास म्हणायली. म्या बी हात हलवला. अन् जोरात हाकली."

कळप म्हातारीचाच. ती दगडाआड बसून राखत होती. तंबूंपाशी सगळ्यांदेखत तिनं लिंबाजीची बंडी धरली. वाट सोडली म्हणून शर्यतीतून नाव गेलं ते वेगळंच.

"धनगराचं पोर मी, म्हाळसा, अन् मेंढरं चोरणारा ठरलो."

"परत पोचवली ना?" म्हाळसानं विचारलं.

"व्हय. तिच्या मेंढरांच्या वाडग्यापतुर. हात जोडले. पाया पडलो." त्यानं गुडघ्यावर हात ठेवला. "म्हातारी लंगडायली होती. माझ्या मागं पळून."

म्हाळसानं त्याच्या गुडघ्याकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. एरवी नारळ फुटायच्या आत भाषण सुरू करणारा मी, उठून चपला शोधायला लागलो. कमलम्मानं बाटलीला बूच लावलं आणि उरलेलं तेल घेऊन ती घरी गेली.

लिंबाजी आता कोळारला बसनं जातो.