आत्याबाईंचा अडकित्ता

वडील गेल्यावर मी अशी खचले, की डॉक्टरांनी नैराश्याच्या गोळ्या सुरू केल्या. त्या गोळ्यांचे माझ्यावर उपकार आहेत, हे आधीच सांगते. त्यांच्यामुळं मी पुन्हा डबे भरू लागले, शाळेत शिकवू लागले, भाजीवाल्याशी घासाघीस करू लागले. मग वाटलं, आता मी ठणठणीत आहे, गोळ्या कशाला? कुणाला न विचारता बंद केल्या. अतिशहाणी ना मी!

थोड्याच दिवसांत नुसती मान वळवली तरी डोक्यात विजेसारखा झटका बसू लागला. चक्कर, मळमळ, आणि कारण नसताना रडू. पुंडलिकनगरच्या आमच्या एवढ्याशा घरात मी भिंत धरून चालत होते. आजार परत आला, आता यातून सुटका नाही, या भीतीनं शेवटी डॉक्टरांकडं गेले.

डॉक्टर रागावले नाहीत. "हा जुना आजार वाटत नाही," ते म्हणाले. "शरीराला सवय झाली होती, ती तुम्ही एकदम तोडलीत. गोळी परत सुरू करू आणि हळूहळू कमी करू. ही गोळी अर्धी करून घेता येते."

घरी येऊन सुरीनं गोळी कापायला गेले, तर अर्धी उडून फ्रिजखाली आणि उरलेल्या अर्धीचा चुरा. मी ओट्यापाशी बसून हमसून हमसून रडले. सासूबाई तेव्हा पाचोडहून आमच्याकडं राहायला आल्या होत्या. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्यांनी कमरेची चंची सोडली, सुपारीचा अडकित्ता काढला, उकळत्या पाण्यात घालून पुसला आणि दुसऱ्या गोळीचे कट्‌कन दोन सरळ तुकडे केले.

"एवढ्यासाठी रडती व्हय गं? आमच्यात कोकराचं दूध बी एकदम तोडत नाय. लई वरडतं ते."

आत्याबाईंच्या माहेरी मेंढरं. कोकरू म्हटल्याचा मला राग आला, पण गोळी घेतली.

तेव्हापासून रोज सकाळी चहानंतर आत्याबाई गोळी कापून बशीत ठेवायच्या. डॉक्टर सांगतील तशी आधी अर्धी, मग पुष्कळ दिवसांनी पाव. प्रत्येक वेळी कमी केली की काही दिवस वाईट जायचे. मी वरणातल्या मिठावरून भांडायचे. पण आत्याबाई माझ्या वरताण! मी एक बोलले की त्या चार बोलायच्या, मग कपाळ दाबत, तोंडात लवंग धरून बसायच्या. आमचे हे दोघींच्या मध्ये पार भरडून निघाले. मला वाटायचं, म्हातारी माझ्या आजारपणाला कंटाळली. तरी सकाळी बशीत गोळीचा तुकडा असायचाच.

शेवटी गोळी पूर्ण थांबली. बरेच दिवस मी जपून मान वळवत होते. एका सकाळी फाटकाशी दूधवाल्यानं हाक मारली, मी गर्रकन वळले, आणि काहीच झालं नाही. तशीच स्वयंपाकघरात पळाले.

"आत्याबाई, सुटली! खरंच सुटली!"

त्यांनी माझ्या तोंडाकडं निरखून पाहिलं. मग कमरेची चंची सोडली. "मंग आता खाऊ का सुपारीचं एक खांड?"

"खा की! तुम्हाला कुणी अडवलं होतं?"

"अगं, दवा कापायचा अडकित्ता. त्यानं सुपारी कातरली, तर तुझी दवा उष्टी नाय का व्हनार?"

लग्न होऊन आले तेव्हापासून सुपारीशिवाय या बाईला मी पाहिलं नव्हतं. आणि तिनं ती माझ्यासाठी तोडली होती, कुणाला न सांगता, तीही एकदम. इतके महिने आमच्या घरात दोन कोकरं ओरडत होती आणि मला एकाचंच ऐकू येत होतं.

डोळे भरून आले, आणि या खेपेला कारण होतं. मी अडकित्ता त्यांच्या हातातून घेतला आणि सुपारी कातरून दिली.

"जाड कातरली," आत्याबाई म्हणाल्या, आणि डोळे मिटून चघळत बसल्या.