सोड्यांचा डबा निघाला सिंगापूरला

मुलुंडच्या एका टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर राहणाऱ्या सुगंधाबाई घाडी दर बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी दहाला कापडी पिशवी घेऊन बाहेर पडत आणि दुपारी तीनला बडीशेप चघळत परत येत. कुणी विचारलंच तर म्हणत, "भांडुपला जाते. गुडघ्याची फिजिओथेरपी." चार वर्षं हे चाललं होतं. गुडघा काही सुधारेना, पण परतताना बाईंच्या चेहऱ्यावर तेज काय ते! वॉचमन चंद्रप्रकाशनं यावरून जो अंदाज बांधला होता तो इथं लिहिण्यासारखा नाही. बाई सदुसष्ट वर्षांच्या आहेत, एवढं तरी त्यानं लक्षात घ्यायला हवं होतं.

खरं सांगू? बाई भांडुपला सुकट खायला जात.

जन्म देवगडकडचा, त्यामुळे सुकी आणि ओली मासळी दोन्ही रक्तात. लग्न होऊन भांडुपच्या चाळीत आल्या, यजमानांची गिरणी बंद पडली तेव्हा पदर खोचून औषधांच्या कंपनीत पॅकिंगला लागल्या आणि बावीस वर्षं बाटल्या खोक्यांत भरून दोन मुलं मोठी केली. मुलगा निलेश कर्ता झाला, त्यानं मुलुंडला फ्लॅट घेतला. नव्या घरात आठव्याच दिवशी बाईंनी हौसेनं बोंबील भाजले. मजल्यावर बाकी सगळे शाकाहारी, म्हणून खबरदारी घेत एका केळ्यात नऊ अगरबत्त्या खोचून दारापाशी ठेवल्या. दहा मिनिटांत समोरच्या चंपाबेन नाकाला पदर लावून, खोकत, दारात हजर. "सुगंधाबेन, ये वास..." एवढंच त्या बोलल्या असतील.

"हां हां, कल से नहीं!" म्हणत बाईंनी दार लावलं. ते जे लावलं ते लावलंच. त्या दिवसापासून चंपाबेन लिफ्टमध्ये दिसल्या तर बाई गुडघा विसरून जिना उतरत. मासळी घरातून हद्दपार झाली. उरली ती अगरबत्ती. पुढं अंड्याची आमटी केली तरी बाई चार काड्या लावत. नाव सुगंधा, आणि आयुष्य चाललं होतं वास लपवण्यात.

सुकट हलली ती सोनूबाईच्या घरी. सोनूबाई म्हणजे चाळीतली तीस वर्षांपासूनची शेजारीण, मूळची बार्शीकडची, महापालिकेच्या दवाखान्यातून आया म्हणून निवृत्त झालेली. भांडुप काही तिनं सोडलं नव्हतं. बुधवारी सुगंधाबाईंच्या हातचं नारळ-कोकमाचं, शुक्रवारी सोनूबाईच्या हातची लसूण घालून कुटलेली बोंबलाची चटणी, आणि दोन्ही दिवशी भांडण, कुणाचं चांगलं यावरून.

या सोनूबाईला एक वेड होतं. लाओसपासून सिंगापूरपर्यंत रेल्वेनं जायचं. तिच्या नातवानं, चैतन्यनं, एकदा मोबाइलवर दाखवलं की लाओसमधल्या व्हिएनतियानहून बँकॉक, तिथून मलेशिया आणि मग सिंगापूर, अशा गाड्या बदलत जाता येतं. वाटेत बुद्धाच्या मूर्ती म्हणशील तेवढ्या. "अगं, विमानात बसून काय दिसतं? ढग. ढग मला भांडुपला दिसतात," सोनूबाई म्हणे. सुगंधाबाई नुसत्या हसत.

आणि मग सिंगापूरहून मुलीचा, ऋतिकाचा, फोन आला. तिला चौथा महिना होता. पोटात पाणी ठरत नव्हतं, वजन वाढायच्या ऐवजी उतरत होतं. "आई, एकच गोष्ट खावीशी वाटते गं. तुझं सोड्याचं कालवण. बाकी कशाचं नाव काढलं तरी उलटी येते."

सुगंधाबाईंनी फोन ठेवला आणि पुढचा फोन भांडुपला लावला. "सोनू, तुझी ती गाडी शेवटी सिंगापूरलाच जाते ना?"

गावाहून भावजयीनं अर्धा किलो सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी, पाठवले. बाईंनी ते सोनूबाईच्या घरी हलके भाजले आणि पॅकिंगला बसल्या. बावीस वर्षांची विद्या पणाला लागली. आधी फॉइल, मग दोन प्लास्टिकच्या पिशव्या, मग घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, झाकणाला चिकटपट्टी, वर वर्तमानपत्र, टॉवेल, आणखी दोन पिशव्या. असे नऊ थर झाले. "बॉम्ब नेतेस का गं?" सोनूबाईनं विचारलं. निलेश आणि सुनेला, श्वेताला, सांगितलं की रव्याचे लाडू आहेत.

विमानानं व्हिएनतियान गाठलं. सोनूबाईनं पांढरी साडी नेसून सोनेरी स्तूपापुढं हात जोडले तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सुगंधाबाईंनी एका हातानं नमस्कार केला, दुसऱ्या हातात डबा होता. बँकॉकपर्यंतची रात्र डबा उशाशी घेऊन काढली. बँकॉकच्या विहारात सोनूबाईनं मेणबत्त्या, अगरबत्तीचा पुडा आणि लायटर घेतलं, त्यातलं निम्मं वाहिलं, निम्मं घरी न्यायला ठेवलं. दुपारी चारच्या सुमाराला दोघी मलेशियाच्या सरहद्दीकडं जाणाऱ्या एसी गाडीत समोरासमोर बसल्या. उद्या सकाळी सरहद्द, परवा ऋतिका. सुगंधाबाई बोटांवर मोजत होत्या.

पाप घडलं ते साडेसहाला. सुगंधाबाई तोंड धुवायला गेल्या. सोनूबाईपुढं स्टेशनवर घेतलेला भात होता, सोबत काहीतरी गोडसर. तिनं भाताकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं. चार सोडे तोंडी लावायला घेतले तर कुणाचं काय बिघडतं? नऊ थर सोडले, चार म्हणता मूठभर खाल्ले, आणि थर पुन्हा घातले ते तुमच्याआमच्यासारखे. तेवढ्यात बर्थ लावायला एक मुलगी आली, निळ्या गणवेशातली. तिनं सामान इकडचं तिकडं केलं, डबा आडवा झाला, झाकण उघडलं.

सुगंधाबाई परत आल्या त्या दारातच थबकल्या. एसीचा बंद डबा, चाळीस माणसं, आणि देवगडचं अख्खं बंदर त्यात येऊन उभं.

"अगो सोनू, ह्यां काय केलंस गो!" घाबरल्या की बाईंच्या तोंडी मालवणी येई.

"चारच खाल्ले."

"चार? अर्ध्या आळीक पंगत घातल्यासारखो वास सुटलोहा! आता आपल्याक खाली उतरवतीत!"

आणि मग बाईंनी जे केलं ते मुलुंडच्या चार वर्षांनी त्यांच्याकडून करवून घेतलं. डोक्यानं विचार करायच्या आत हातानं सोनूबाईच्या पिशवीतून पुडा काढला, भाताबरोबरचं केळं घेतलं, त्यात पाच काड्या खोचल्या आणि लायटर मारलं.

आता तुम्हीच सांगा, धावत्या एसी गाडीत कुणी अगरबत्ती लावतं का? पण लावली. धूर मस्त छतापर्यंत गेला. वरच्या बर्थवरचा एक म्हातारा खोकायला लागला, कुणीतरी ओरडलं, गणवेशातली मुलगी पळत आली आणि तिच्या मागून रेल्वेचा पोलीस. मुलीनं काड्या पाण्याच्या बाटलीत बुडवल्या. पोलिसानं मोबाइल पुढं केला. त्यातून एक बाई तुटक इंग्रजीत म्हणाली, गाडीत आग लावणं गुन्हा आहे, पुढच्या स्टेशनला उतरा.

उतरा म्हटल्यावर सुगंधाबाईंनी उघडा डबा उराशी धरला. पुढची सगळी तिकिटं याच गाडीवर बांधलेली. डोळ्यांपुढं ऋतिकाचा ओढलेला चेहरा आला.

सोनूबाई मात्र दवाखान्यात भल्याभल्या डॉक्टरांना पुरून उरलेली. तिनं स्वतःचा मोबाइल काढला. चैतन्यनं शिकवून ठेवलं होतं, बटण दाबून मराठीत बोललं की तो थाई बोलतो. तो तिनं मैत्रिणीच्या तोंडापुढं धरला. "सांग त्याला, का लावलीस."

"काय सांगू?"

"खरं काय ते सांग. तुझी फिजिओथेरपी नको सांगू."

सुगंधाबाई मोबाइलच्या कानात पुटपुटल्या. मोबाइल गप्प.

"अगं, मोठ्यानं बोल! मेलं त्याला ऐकू कसं जाईल?"

बाईंनी डोळे मिटले आणि चार वर्षांत जे मुलुंडच्या घरात कुजबुजून म्हटलं नव्हतं ते ओरडून सांगितलं. "माझ्या डब्यात सुकी मच्छी आहे! माझी लेक पोटुशी आहे, तिच्यासाठी नेते! लोकांना वास येऊ नये म्हणून अगरबत्ती लावली!"

मोबाइलनं ते ठणठणीत थाईत सगळ्या डब्याला ऐकवलं. मग वरच्या बर्थवरचा खोकणारा म्हातारा हसायला लागला. त्याचं बघून बाकीचे हसायला लागले, पोलिसानं तोंड फिरवलं पण त्याचे खांदे हलत होते. पलीकडच्या बाकावरची एक गोल चेहऱ्याची आजी उठून आली, न विचारता डब्यात हात घातला, एक सोडा उजेडात धरून पाहिला, हुंगला, दातानं तोडला आणि मान डोलावली. अगदी भांडुपच्या बाजारात उभी असल्यासारखी. मग तिनं आपल्या पिशवीतून एक बरणी काढून सुगंधाबाईंच्या नाकाशी नेली. सुकी कोळंबी! तिच्या पलीकडच्या पोरीकडं सुका स्क्विड, म्हणजे आपला माकूल, निघाला. मोबाइल म्हणाला, "आजी विचारते, एवढ्या चांगल्या वासावर तुम्ही तो वाईट वास का घातला?"

पोलिसानं अगरबत्त्या आणि लायटर जप्त केलं, बोट नाचवून दम दिला आणि दोघींना गाडीत राहू दिलं. केळं परत दिलं.

सकाळी सरहद्दीवर अधिकाऱ्यानं काही विचारायच्या आतच सुगंधाबाईंनी डबा उघडून पुढं केला. "ड्राय फिश! फॉर डॉटर!" तो अधिकारी मागं सरकला आणि त्यानं हातानंच जा म्हटलं. मग क्वालालंपूर, मग जोहोर, मग सामुद्रधुनीवरून पलीकडं नेणारी पाच मिनिटांची गाडी. "हे म्हणजे मुलुंड-भांडुप झालं की गं," सोनूबाई म्हणाली. त्या संध्याकाळपासून तिचा डब्याला हात लावायचा धीर झाला नव्हता.

ऋतिकाच्या स्वयंपाकघरात फोडणी पडली तशी ती धावत आली आणि तिनं खिडकी ओढून घेतली. "आई, शेजारी चिनी आजी आहे, तिला वास..."

"तिला येऊ दे," सुगंधाबाईंनी खिडकी उघडली, "तुला येतोय का?"

ऋतिकानं श्वास घेतला. मग ताट घेऊन ओट्यापाशीच उभी राहिली. दोन वेळा भात घेतला. तासभर तिघी वाट बघत बसल्या, पण पोटातलं पोटातच राहिलं. तेव्हा कुठं सुगंधाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि मुलुंडला व्हिडिओ कॉल लावला.

श्वेताला आणि निलेशला त्यांनी केळ्यापासून पोलिसापर्यंत सगळं सांगितलं, लाडवांचं खोटंसुद्धा. श्वेता हसून बेजार. तिच्या मागून कुणीतरी पुढं आलं, पदर तोंडाशी धरून. चंपाबेन, वाटी परत करायला आलेल्या.

"सुगंधाबेन! मैं वोही तो बोलने आई थी उस दिन!"

"काय?"

"ये वास बंद करो, अगरबत्ती का! मेरे को दमा है ना. मच्छी का तो मेरे को पता भी नहीं चला, इतना धुआं! फिर सोचा, भगवान की चीज है, बहू को कैसे बोलूं? और आप तो मुझे देखके सीढ़ी से भाग जाते हो!"

सुगंधाबाईंनी बोटांवर हिशोब केला. चार वर्षं. चारशे बुधवार-शुक्रवार. "माफ करो, चंपाबेन," त्या म्हणाल्या, "काडी एक पण नहीं लगाऊंगी."

"और मच्छी?"

"वो तो पकेगी."

"पकाओ, पकाओ. मैं खिड़की बंद कर लूंगी."

कॉल संपला. ऋतिका सोफ्यावर झोपी गेली होती, कितीतरी दिवसांनी अशी गाढ. सोनूबाई मात्र तोंड फुगवून बसलेली.

"तुला काय झालं गं?"

"काही नाही. आता मुलुंडलाच शिजवशील. तुला काय, भांडुपला यायची गरजच नाही."

"वेडी का तू? येणार ना, बुधवारी आणि शुक्रवारी."

"कशाला?"

सुगंधाबाईंनी पाय लांब केले आणि रिकाम्या डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"फिजिओथेरपीला," त्या म्हणाल्या.