जावेच्या लाद्या

मुरबे गावात माझं आणि धाकट्या जावेचं घर एकाला एक लागून आहे. मधली भिंत एकच. लाद्या आधी माझ्याकडे बसल्या. गणपती तोंडावर आले होते, म्हणून नवऱ्याने जुन्या जमिनीवरच रेतीचा भराव ओतून घेतला आणि वर लाद्या बसवल्या. बघायला बायांची रीघ लागली. जाऊही आली होती, चपला पार अंगणात काढून. पण एक पावसाळा गेला, भराव खाली दबला आणि दारापासून ओट्यापर्यंत तडा गेला.

मग तिने काम काढलं. जुनी जमीन खणली, मुरूम टाकला, पाणी मारमारून धुमसाने ठोकून घट्ट केला. वर सिमेंट-खडीचा कोबा. तोही भिजवत ठेवला आणि नंतर पुरता वाळू दिला. तोवर तिच्या घरची माणसं माझ्याकडे जेवायला. पलीकडे धुमस आपटला की माझ्या मांडणीवरची भांडी थरथरायची.

"लादीखाली कोण बघायला जातंय गो?" भाकरी वाढताना मी म्हटलं.

सासूबाईच म्हणाल्या, "तिला घाई नाय, तेच बरं हाय."

माझी तव्यावरची भाकरी करपली. हिच्याही लादीला तडा जावा, असं तेव्हा मनात आलं. एक तरी. कोपऱ्यातली का होईना.

लाद्या बसवून तिच्याकडे पूजा झाली त्या दुपारी बाया प्रसाद घ्यायला मागच्या पडवीत गेल्या. मी खाली बसले आणि बोटाच्या पेराने एकेक लादी ठोकू लागले. पोकळ आवाज कुठेच येईना.

"काय करतंस, वयनी?" जाऊ दारात उभी.

"काय नाय. गार हाय का बघते."

ती माझ्याशेजारी येऊन बसली. "मी पण ठोकल्या होत्या. तुज्याकडच्या, गणपतीत."

"मग?"

"पोकल वाजत होत्या."

"तवाच सांगायचं नाय?"

"कशी सांगू? तू अशी मिरवत होतीस. जलत होते मी."

मला राग यायला हवा होता, तसा आलाही. पण त्या रागात कुठेतरी बरं वाटलं. म्हणजे माझी लादी तिच्या डोळ्यांत खुपली होती तर.

दिवाळीनंतर आम्हीही जमीन खणायला काढली. मिस्त्री तिचाच बोलावला. लादी मात्र मी बोईसरला जाऊन तिच्याहून मोठी निवडली.