उद्घाटनाआधीची फवारणी

उदारीकरणानंतर आमच्या हैदराबादच्या प्रयोगशाळेत 'जागतिक दर्जा' हा शब्द लगेच आला. परदेशी रसायनं मात्र महिनोन्‌महिने येत नसत. मी नल्लकुंट्याहून स्कूटरवर तिथे जायचो आणि पाण्यातलं कीटकनाशक ओळखणारा जैवसंवेदक बनवायचो. पातळ पडद्यावर एन्झाइम बसवलेलं. विष भेटलं की ते मरतं, काटा खाली येतो. मेलेला पडदा पुन्हा चालत नाही. आमच्याकडे एकच उरला होता.

प्रयोगशाळा झाडणाऱ्या अम्मांनी त्यांच्या वस्तीतल्या बोअरचं पाणी आणून दिलं होतं. शेजारी कीटकनाशकांचा कारखाना आल्यापासून तिथल्या शेळ्या मरत होत्या. पाणी वाईट असल्याचा कागद मिळाला तर टँकर मागता येणार होता.

"घर में सब वहीच पानी पीते साब. आज देख लो ना."

"उद्घाटन हो जाने दो अम्मा. दोपहर कू पक्का."

पडदा यंत्राच्या उद्घाटनाला येणाऱ्या मंत्र्यांसाठी राखायचा हुकूम संचालकांचा. पाळला मी.

त्या सकाळी संचालकांना खोलीत माश्या दिसल्या. मंत्र्यांच्या नाकावर माशी बसली तर अनुदान उडेल, म्हणून त्यांनी खोलीभर माश्यांचं औषध मारून घेतलं. मी तेव्हा फाटकाशी हार घेऊन उभा होतो. शास्त्रज्ञ बहुधा त्यासाठीच नेमतात. खोलीत शिरल्यावर वास आला, तोवर नारळ फुटला होता.

मी यंत्रात बाटलीबंद पाणी घातलं. काटा खाली पडला.

मंत्र्यांनी हातातला त्याच पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "इसमें जहर है क्या?"

"नहीं सर, मशीन अभी बच्चा है," संचालक हसत म्हणाले.

"मशीन ठीक है सर," मी म्हणालो. "सुबह यहाँ जो दवा मारी, उसी से पडदा..."

"आप चुप बैठो," संचालक मला म्हणाले.

मग समोसे आले. माश्यांचं औषध आणि शेतातलं कीटकनाशक ही सख्खी भावंडं. पडद्याने तेच ओळखलं होतं. संचालकांनी तिथेच हे काम बंद केल्याचं जाहीर केलं. टाळ्याही पडल्या.

दुपारी अम्मा आल्या. पडदा संपल्याचं मी सांगितलं. "वो पानी नक्को पीओ अम्मा."

"फिर क्या पीऊँ?"

टेबलावर सीलबंद बाटल्या उरल्या होत्या. मी चार उचलून त्यांच्या हातात देऊ लागलो. दारातला शिपाई म्हणाला, "वो बड़े साब के घर जाने के हैं."

मी त्या परत ठेवल्या. ठेवल्या, याचा राग अजून येतो.